एसटीच्या पाट्यांवरून फॉन्ट करताना

‘औरंगाबाद’ होतं त्या जागेत ‘छत्रपती संभाजीनगर’ बसवून द्या, हे काम २०२३ पासून आमच्या भागातल्या प्रत्येक डीटीपीवाल्याकडं आलंय. लेटरहेड, पावतीपुस्तक, ट्रॅव्हल्सच्या काचेवरचं स्टिकर, दुकानाच्या शाखेचा बोर्ड. माप तेच, नाव दुप्पट लांब. (‘उस्मानाबाद’चं ‘धाराशिव’ झालं तिथं उलटी पंचाईत, जागा उरायला लागली.) बहुतेक दुकानांत हे एकाच पद्धतीनं होतं: अक्षरं सिलेक्ट करायची, कडेची खूण माऊसनं धरायची आणि आत ढकलायची. नाव मावतं. पण काने बारीक होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते. जरा लांबून बघितलं की शिरोरेषाच डोळ्यात भरते, खालचं नाव कुणी वाचायचं?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावर माझं दुकान. फॉन्ट वापरणं हा रोजचा धंदा. फॉन्ट करणं डोक्यात आलं ते पत्र्याच्या पाट्यांमुळं. एसटीला पुढं लावायच्या गावाच्या पाट्या पूर्वी हातानं रंगवलेल्या असायच्या, आणि तशा पाट्या रंगवलेले एक चाचा आमच्या गल्लीच्या मागंच राहतात. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहितात. निजामाच्या काळात इथला सरकारी कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळं दोन्ही लिप्यांत हात बसलेले पेंटर मराठवाड्यात नवलाचे नाहीत. चाचांच्या माळ्यावर रंग उडालेल्या, टाकाऊ पाट्यांची चळत होती: अहमदपूर, चाकूर, उदगीर, निलंगा, औसा, किनवट, अंबाजोगाई. पत्रा सगळ्यांचा एका मापाचा. ‘औसा’ला तो ढगळ, ‘अंबाजोगाई’ला तंग, आणि तरी दोन्ही पाट्या बघताक्षणी एका हातच्या वाटतात.

“चाचा, हे बसवता कसं?” म्हणून विचारलं तर त्यांनी पुठ्ठ्यावर ‘अंबाजोगाई’ काढूनच दाखवलं. सूत मारून वर-खाली दोन रेषा घेतल्या. डावीकडं ‘अं’ टाकला आणि लगेच पार उजव्या टोकाला ‘ई’. मधली अक्षरं त्यानंतर. “दोन्ही टोकं आधी पक्की करायची बेटा, मग मधल्यांना जागा वाटून द्यायची.” चपटा ब्रश शेवटपर्यंत एकच. म्हणजे दांड्याची जाडी ‘औसा’त जेवढी, ‘अंबाजोगाई’तही तेवढीच. कमी झाली ती आतली पोकळी: ‘ब’चं पोट, ‘ज’चा मोकळा भाग, दोन अक्षरांमधली फट. तीही सगळीकडं सारखी नाही. कान्याला त्यांनी हात लावला नाही, ‘ग’ जरासा आत घेतला, ‘अ’ला चांगला दाबला. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात.

माऊसनं ढकलणं आणि ब्रशनं दाबणं यातला हा फरक आता फॉन्टच्या फाइलीतच साठवता येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये वॉर्सा इथं ॲडोबी, ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ओपनटाइपमध्ये, म्हणजे फॉन्टच्या फाइलींच्या ठरलेल्या साच्यात, व्हेरिएबल फॉन्टची सोय जाहीर केली. त्यात अक्षराची दोन टोकं आपण काढायची, एक रुंद आणि एक अरुंद. मधल्या सगळ्या रुंद्या मशीन हिशेबानं काढतं. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘अनेक’ हा दहा लिप्यांचा फॉन्ट असाच आहे, त्यात जाडीही बदलते आणि रुंदीही. तो वापरून बघितला आणि ठरवलं, चाचांच्या वळणाचा असा एक फॉन्ट करायचाच.

पाट्यांचे फोटो काढून, बटर पेपरवर अक्षरं उतरवून बघितली तर वर्णमालेतली बरीच घरं रिकामी. गावांच्या नावांत ‘ङ’ कुठून येणार? ‘ळ’ मुबलक होता, परळी, कळंब, तुळजापूर सगळ्यांनी दिला. ‘ढ’ औंढ्यानं दिला, ‘ठ’ पैठणनं. उरलेली चाचांकडून नव्यानं काढून घेतली. ती काढताना ते कुरकुरले, कारण सुटं अक्षर लिहायची त्यांना सवयच नाही. नुसता ‘झ’ लिही म्हटलं की ‘झेंडा’ लिहायचे आणि म्हणायचे, यातून घे.

इंटरनेटवर ‘तुमच्या हस्ताक्षराचा फॉन्ट दहा मिनिटांत’ अशा जाहिराती दिसतात. तक्त्यात अक्षरं लिहायची, स्कॅन करून पाठवायची. इंग्रजीपुरतं ते ठीक आहे. देवनागरीत तक्ता भरून झाला की काम सुरू होतं. युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीनं, देवनागरीला १२८ जागा दिल्यात, पण त्यात ‘ष्ट’, ‘श्र’, ‘द्य’ यांना जागा नाही. जोडाक्षराला स्वतःचा क्रमांकच नसतो, ते फॉन्टनं नियमातून घडवायचं असतं. माझ्या फॉन्टमधली चिन्हं सातशेच्या वर गेली ती त्यामुळं.

शिकले फॉन्टफोर्ज या सॉफ्टवेअरवर. ते फुकट आहे आणि दुकानातल्या विंडोजवर चालतं. पुढं दोन टोकांचं काम आलं तेव्हा ग्लिफ्स घेतलं. ते फक्त मॅकवर चालतं, म्हणून एक सेकंडहँड मॅक मिनी पुण्याहून आणला. घरच्यांना हा खर्च पटवणं हे एक वेगळंच प्रकरण होतं, ते सोडून देते.

अक्षर काढायची चौकट १००० एककांची. त्यात आधी दांडा ठरवला, मग ‘व’. ‘व’ जमला की ‘ब’ आणि ‘क’ त्यातून निघतात, ‘प’ जमला की ‘ष’. कडा बेझिए पद्धतीच्या वक्ररेषांनी काढायच्या: थोडे बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला वळण देणाऱ्या दोन दांड्या. फ्रान्सच्या रेनॉ मोटारकंपनीत पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या पत्र्याचे आकार काढायला ही पद्धत वापरली. पत्र्यावरची अक्षरं पत्र्याच्याच गणितानं काढतोय याची मला गंमत वाटायची. बिंदू वळणाच्या टोकावर ठेवायचे, सर्वांत वर, सर्वांत खाली, डावीकडं, उजवीकडं. नवशिका माणूस बिंदूंची गर्दी करतो आणि मग कडेला पोचे दिसतात.

दोन टोकांच्या फॉन्टची अट कडक आहे. रुंद ‘क’वर जेवढे बिंदू, तेवढेच अरुंद ‘क’वर, आणि त्याच क्रमानं. एक बिंदू जास्त झाला तर सॉफ्टवेअर नकार देतं. क्रम चुकला तर नकारही देत नाही, मधल्या रुंदीचं अक्षर पिळवटून काढतं. अरुंद टोकाला पहिल्यांदा अडले ते ‘छ’ आणि ‘श’. ब्रशची जाडी कायम ठेवून आतल्या गाठी दाबल्या की पांढरं उरतच नाही. चाचांच्या एका पाटीवर याचा तोडगा सापडला: अडचण असेल तिथं ते ब्रश किंचित तिरपा करून रेघ बारीक घेतात, पण फक्त आतली. बाहेरचा दांडा जसाच्या तसा. तेच केलं. ‘छत्रपती संभाजीनगर’ तेव्हा कुठं ओळीत आलं.

शिरोरेषेचं एक वेगळंच. प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं. तो तुकडा अक्षराच्या हद्दीत बरोबर संपवला तर स्क्रीनवर दोन अक्षरांच्या मधे केसाएवढी पांढरी फट दिसते, आकडेमोडीत फट नसली तरी दिसते. म्हणून तो दोन्ही बाजूंना थोडा हद्दीबाहेर काढायचा, शेजारच्यावर चढवायचा. फट गेली, पण फ्लेक्सवाल्यांचं दुखणं आलं. आमच्याकडं फ्लेक्सवरच्या नावाला पिवळी किंवा पांढरी आउटलाइन दिल्याशिवाय कार्यकर्त्याचं समाधान होत नाही, आणि आउटलाइन दिली की शिरोरेषेवर प्रत्येक सांध्याला उभ्या चिरा दिसतात. यावर फॉन्टमधून इलाज नाही. अक्षरांचं आधी कर्व्ह करायचं (म्हणजे नुसते आकार), मग वेल्ड (आकार जोडून एक), मग आउटलाइन. फॉन्टसोबतच्या माहितीत ही सूचना मी सगळ्यात वर टाकलीय.

आता नियमांकडं येते, खरी झोप तिथं उडाली. ‘कि’ टाइप करताना आधी ‘क’, मग पहिली वेलांटी. फाइलीतही तोच क्रम, दिसताना मात्र वेलांटी आधी. ही अदलाबदल फॉन्ट करत नाही, शेपिंग इंजिन करतं, म्हणजे अक्षरं जुळवून दाखवणारा सॉफ्टवेअरचा भाग. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत ते हार्फबझ असतं, विंडोजचं आणि ॲपलचं आपापलं. हे इंजिन फॉन्टला ठरलेल्या क्रमानं विचारत जातं: नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आहे का, ‘क्ष’, ‘ज्ञ’सारखं अखंड रूप आहे का, रफार आहे का, अर्धं अक्षर आहे का. क्रम आपल्या हातात नसतो. प्रत्येक प्रश्नाला उत्तर काय द्यायचं तेवढं हातात. चाचा पाटीसमोर उभे राहून, नाव बघून ठरवायचे. मला मात्र कधीच न बघितलेल्या नावासाठी आधीच ठरवून ठेवायचं होतं.

‘वऱ्हाड’ घ्या. लग्नपत्रिका छापणाऱ्याला हा शब्द टाळता येत नाही. त्यातला आडवा अर्धा ‘र’ मराठीला पावलोपावली लागतो, कारण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही दोन वेगळी माणसं आहेत आणि दोघंही लग्नात हजर असतात. युनिकोडमध्ये याची सोय खालच्या टिंबाच्या ‘ऱ’मधून केलीय. हे अक्षर मुळात द्राविडी भाषांमधला ‘र’ लिहिण्यासाठी ठेवलेलं, त्याचा पाय मोडला की आपला आडवा ‘र’. दुसरी वाट म्हणजे साधा ‘र’, पायमोड आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड कोणती वाट धरेल याचा नेम नाही, म्हणून दोन्ही वाटा एकाच चिन्हाशी नेऊन सोडल्या. तसंच ‘ॲ’चं. या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवलेलं असतं. वकिलाच्या बोर्डवर ‘ॲड.’ कसंही टाइप झालं तरी सारखंच दिसलं पाहिजे.

‘ल’ आणि ‘श’च्या बाबतीत मी हट्ट केला. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’, हिंदीची वळणं वेगळी. राज्य सरकारच्या २०२२ च्या शासन निर्णयानंही मराठीसाठी हीच दोन रूपं धरलीत. पुष्कळ फॉन्टांत मूळ रूप हिंदीचं असतं, आणि मजकुरावर ‘ही मराठी आहे’ अशी खूण असेल तरच मराठी रूप पुढं येतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराला अशी खूण कोण लावून देणार? म्हणून मी उलट केलं. काहीच सांगितलं नाही तर मराठी रूप, हिंदीची खूण असेल तर हिंदी. एका ओळखीच्या डिझायनरनं यावर नाक मुरडलं, फॉन्ट देशभर चालायचा तर असं करू नये म्हणाला. त्याचं चुकत नाही, पण मला तो आधी लातुरात चालवायचाय.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले एका शब्दानं. आमच्याकडं औंढा नागनाथ, परळी वैद्यनाथ आणि वेरूळचं घृष्णेश्वर अशी तीन ज्योतिर्लिंगं मानतात, म्हणजे श्रावणात हा शब्द प्रत्येक फ्लेक्सवर. ‘ज्योतिर्लिंग’मधला ‘र्लिं’ बारकाईनं बघा. वेलांटीची कमान येऊन ‘ल’च्या दांड्याच्या डोक्यावर टेकते. रफारही त्याच डोक्यावर उभा राहायचा असतो. आणि अनुस्वारालाही तीच जागा हवी. प्रत्येक चिन्हाला एक अदृश्य खुंटी असते, तिथं वरची चिन्हं अडकतात. तीनही एकाच खुंटीवर आली की वर नुसता काळा गोळा. रफार आणि अनुस्वार मिळून एक वेगळंच चिन्ह काढलं, टिंब रफाराच्या कुशीत उजवीकडं, आणि तशा वेळी वेलांटीची कमान थोडी बसकी घेतली. रुंद टोकाला छान झालं. अरुंद टोकाला तेच टिंब पुढच्या ‘ग’च्या डोक्यावर जाऊन बसलं आणि शब्द ‘ज्योतिर्लिगं’ दिसायला लागला. मग खुंट्याही रुंदीबरोबर सरकाव्या लागल्या. हे जमतं, खुंटीची जागासुद्धा दोन टोकांना वेगळी देता येते, फक्त ती चिन्हागणिक हातानं द्यावी लागते.

वेलांटीच्या कमानी तर एका मापाच्या चालतच नाहीत. ‘नि’ची कमान आखूड, ‘ष्टि’ची लांब, ‘क्ति’ची त्याहून वेगळी. ‘हार्दिक’मध्ये पुन्हा रफार. ज्या गावात दर चौकात ‘हार्दिक शुभेच्छा’ लटकलेल्या असतात तिथं हा शब्द बिघडून चालणार नव्हतं.

‘उद्घाटन’नं वेगळी कसरत करायला लावली. ‘द’खाली ‘घ’ टांगलेलं जुन्या वळणाचं जोडाक्षर मला आवडतं, पण अरुंद टोकाला त्याचा डाग होतो. तिथं ‘द’चा पाय मोडून शेजारी ‘घ’ ठेवणंच बरं. रुंदी ठरावीक मर्यादेखाली गेली की चिन्ह बदलायचं, अशी सोय व्हेरिएबल फॉन्टमध्ये आहे. तिचं नेहमीचं घर आरव्हीआरएन हे फीचर, म्हणजे फॉन्टमधला नियमांचा एक गट. पण ते सगळ्यांच्या आधी धावतं, तेव्हा जोडाक्षर तयारच झालेलं नसतं, मग बदलणार काय? तोच नियम उशिरा धावणाऱ्या आरसीएलटीमध्ये हलवला आणि काम झालं. देवनागरीसाठी असं काही करत असाल तर एवढं ध्यानात ठेवा, माझा आठवडा गेला त्यात.

चाचणीसाठी मी तयार परिच्छेद वापरले नाहीत. दुकानात येणारा मजकूरच घेतला: पत्रिकांमधली चि. सौ. कां. मंडळी, बाजार समितीची नोटीस, दशक्रियेची कार्डं, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या गावांची यादी. ही यादी वेगवेगळ्या रुंदीत छापून भिंतीला लावली आणि चाचांना बोलावलं. ते लांब उभे राहिले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “हे ‘गंगारवेड’ कुठं आलं?” रुंद टोकाला ‘ख’च्या खालचा जोड बारीक पडला होता, लांबून तो दिसेना आणि ‘गंगाखेड’चं ‘गंगारवेड’ झालं. स्क्रीनवर मोठं करून बघताना तो जोड ठसठशीत दिसायचा. ‘ख’ जाड केला. मग त्यांनी ‘धाराशिव’वर बोट ठेवलं. अक्षरं रुंद झाली होती तशी मधली मोकळीकही वाढली होती, त्यामुळं शब्द सैल वाटत होता. ते म्हणाले, जागा जास्त असली म्हणजे अक्षर मोठं कर, फट मोठी करू नको. रुंद टोकाची सगळी अंतरं पुन्हा बसवली.

फॉन्ट सिल ओपन फॉन्ट लायसन्सखाली सोडलाय. कुणीही वापरावा, पत्रिकेत, बोर्डवर, पुस्तकात. बदल करून पुढं द्यायचा तर याच लायसन्सखाली द्यावा. नुसता फॉन्ट विकायला काढता येत नाही. दुकानाच्या धंद्याला याचा थेट फायदा शून्य, असं नवऱ्याचं मत आहे.

पहिली तक्रार आली ती नांदेडच्या एका शिक्षकांकडून. प्रश्नपत्रिका करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना रुंदीची सरकपट्टी दिसेना. रोजच्या ऑफिसकामाच्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये ती नसतेच, तिथं आधी नाव देऊन ठेवलेल्या रुंद्याच दिसतात, आणि जुन्या आवृत्तीत त्याही नाहीत. म्हणून आता व्हेरिएबल फाइलीसोबत अरुंद, मध्यम आणि रुंद अशा तीन सुट्या फाइलीही देते. फ्लेक्सवाल्यांनी आणि शाळांनी सुट्या घ्याव्यात, वेबसाइटवाल्यांनी व्हेरिएबल. इंग्रजी अक्षरं अजून काढायची आहेत, मोबाइल नंबरशेजारी दुसरा फॉन्ट लावावा लागतो. आणि ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्र’ अरुंद टोकाला अजून मनासारखा झालेला नाही, तो पुढच्या आवृत्तीत.